गळतीची वही

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. वर मोठ्या अक्षरात 'गळती' एवढंच लिहिलंय. शिक्षण खात्यात गळती म्हटलं की शाळा सोडून गेलेली मुलं आठवतात. त्यामुळे भेटीला आलेल्या एका साहेबांनी एकदा ती वही कौतुकानं उचलली, मधलं पान उघडलं आणि 'तिसरी-चौथीची खोली, दारापासून दुसरा पत्रा, खालून चौथा हूक' हे वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हे काय?"

"गळतीच आहे, साहेब."

त्यांनी वही खाली ठेवली आणि हजेरीपट मागितला.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. शेवटची सहा वर्षं मी पेठ तालुक्यात केंद्रप्रमुख होते, हाताखाली अकरा शाळा. त्याआधीची बहुतेक नोकरी सिन्नरच्या पूर्वेकडच्या गावांत, वर्गावर. केंद्रप्रमुख म्हणजे शाळा आणि पंचायत समिती यांच्यामध्ये मोटारसायकलवरून कागद वाहणारा माणूस. माझ्या बाबतीत स्कूटीवरून, आणि सावळघाट चढताना तिला लागणारी धाप ऐकून माझाच जीव वरखाली व्हायचा. इमारती हे खरं तर या पदाचं काम नाही. त्यासाठी शाखा अभियंता असतात, अंदाजपत्रक असतं, तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता असते. पण जूनमध्ये पहिलीच्या पोरांच्या पाटीवर पाणी ठिबकायला लागलं की गुरुजी अभियंत्याला फोन करत नाहीत, केंद्रप्रमुखाला करतात. पहिल्या जूनमध्ये मला एका दिवसात नऊ फोन आले. दुसऱ्या दिवशी मी वही घातली.

नाशिक जिल्ह्याचे तालुके पंधरा. पावसाच्या हिशोबानं बघितलं तर दोन-तीन वेगळे मुलूख एका कलेक्टरच्या हाताखाली आणून ठेवलेत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पेठ-सुरगाण्याकडे दोन हजारांच्या आसपास, आणि येवल्याला पाचशेच्या आसपास, तोही मनात आलं तर. माझ्या पाहण्यातल्या शाळाखोल्या मात्र इकडे तिकडे सारख्याच. चौकोनी खोली, पुढे व्हरांडा, वर सपाट स्लॅब. अंदाजपत्रकातली वाक्यंसुद्धा तीच, फक्त गावाचं नाव बदललेलं.

पेठच्या पाड्यांवरची जुनी घरं बघा. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीनं लिंपलेल्या, वर कौलांचं उतरतं छप्पर, आणि ते भिंतीच्या इतकं पुढे आलेलं की वाकून आत शिरावं लागतं. भिंत मातीची आहे तर तिला भिजूच द्यायचं नाही, एवढं साधं गणित. त्याच पाड्यावरची शाळा सपाट डोक्याची. चार महिने तिच्या टाळूवर पाणी साचून राहतं. पाड्यावरची एक आजी मला म्हणाली होती, "शाळा शिकलेल्या माणसांनी बांधली ना बाई?" तिचा सूर निरागस होता की खवचट, हे मला आजवर कळलेलं नाही.

हळूहळू मी गळतीवरून खोलीचं वय ओळखायला शिकले. सगळ्यात जुनी कौलारू शाळा, काही ठिकाणी अगदी लोकल बोर्डाच्या काळातली, म्हणजे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या त्याच्याही आधीची. दगडी भिंती, सागाचे वासे. ती ठिकठिकाणी थेंबथेंब गळते, कारण वरून माकडं जातात आणि कौलं सरकतात. तिची दुरुस्ती सगळ्यात स्वस्त, पण कौलं चाळणारा माणूस आता गावात उरलेला नाही. मग नव्वदच्या आगेमागे आलेल्या खोल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेनं प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या म्हटलं आणि १९८९ च्या जवाहर रोजगार योजनेतून त्यातल्या कितीतरी बांधल्या गेल्या. त्या खोल्या गळत नाहीत, पाझरतात. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी आतल्या सळईला गंज चढवतं, गंज चढला की सळई फुगते आणि खालच्या काँक्रीटला ढकलून पाडते. मिस्तरी लोक 'सळई फुलली' म्हणतात. फुललेली सळई खालून दिसायला लागली तर त्या खोलीत मुलं बसवायची नाहीत, मग वरून कोणी काहीही सांगो.

त्यानंतर सर्व शिक्षा अभियानातल्या खोल्या. त्या योजनेत काम ठेकेदाराला न देता गावच्या समितीनं करून घ्यायचं होतं. कल्पना चांगली होती, पण समिती म्हणजे अखेर मुख्याध्यापकच. सिन्नरकडे आमचे मुख्याध्यापक सिमेंटच्या गोण्या चोरीला जाऊ नयेत म्हणून महिनाभर व्हरांड्यात झोपले होते. सळईचा भाव, खडीचा भाव त्यांना पाढ्यांसारखा पाठ होता, आणि चौथीचा वर्ग त्या वर्षी माझ्याकडेच होता, माझा स्वतःचा धरून दोन वर्ग. तरी सांगते, आज त्या खोलीला तडा नाही. गुरुजींनी स्वतः उभं राहून तिच्यावर एकवीस दिवस पाणी मारलं होतं.

सिन्नरचं दुखणं पेठच्या उलटं. तिथं पाण्याचा त्रास वरून कमी, खालून जास्त. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतच थांबवलेला असेल तर भिंत मातीबरोबर श्वास घेते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. एका अभियंत्यांनी मला एक युक्ती शिकवली होती. चिरेवर काचेची पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवायची आणि वर तारीख घालायची. काच फुटली तर चीर अजून चालू आहे, नाही फुटली तर भरून टाका. पाचवीच्या मुलांना मी ते काम दिलं होतं. रोज प्रार्थनेनंतर दोघंजण जाऊन काच बघून यायचे आणि डॉक्टरांसारखे गंभीर चेहरे करून सांगायचे, "बाई, अजून आहे." अठराव्या दिवशी फुटली. शोधलं तर कारण मातीपेक्षा जवळचं निघालं. पिण्याच्या पाण्याची टाकी भरून वाहायची आणि ते सगळं पाणी त्याच कोपऱ्यात मुरायचं. दहा फूट पाइप जोडून ते पाणी लांब कडुनिंबाला सोडलं. नंतरची काच वर्षभर टिकली.

हे सांगताना मी फार शहाणी होते असं वाटेल, म्हणून दुसरी गोष्टही सांगायला हवी.

त्याच काळात एका शाळेवर माझ्याकडे प्रभारी मुख्याध्यापकाचा कार्यभार होता. शाळेला वर्षाचं अनुदान आलं होतं आणि वरून मोठी भेट ठरली होती. मी रंग दिला. भिंती बोलक्या करायचे दिवस होते ते. व्हरांड्यात अंकांची आगगाडी, आत महाराष्ट्राचा नकाशा, छतावर सूर्यमाला. इमारत हेच शिकण्याचं साधन, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि ते मला मनापासून पटलं होतं. पेंटर छताला ब्रश लावताना म्हणाला होता, "मॅडम, इथं गिलावा पोकळ वाजतोय." मी म्हटलं, भेट सोमवारी आहे. भेट छान झाली, शेरा छान मिळाला. सप्टेंबरच्या परतीच्या पावसात एका रात्री शनी आणि गुरू गिलाव्यासकट दुसऱ्या बाकावर पडले. सकाळी कुलूप उघडलं तेव्हा बाकाची फळी मोडलेली होती. तिथं बसणाऱ्या मुलीनं कडी असलेल्या ग्रहाचा तुकडा घरी नेऊ का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि बाहेर जाऊन हातपंपापाशी बराच वेळ उभी राहिले.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक वेताची काठी असायची. पोरांना वाटायचं ती त्यांच्यासाठी. ती गिलावा वाजवून बघायला होती. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूनं गोल.

आता पैशाबद्दल. शाळेला दर वर्षी जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. माझ्या काळात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार असा हिशोब होता. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, खडू, कागद, बल्ब, तुटलेली कडी, सतरंजी आणि इमारत. माझ्या अकरापैकी सात शाळांचा पट तीसच्या आत. बावीस पोरांच्या शाळेला दहा हजार मिळणार, पण तिच्या डोक्यावरचा पत्रा साठ पोरांच्या शाळेएवढाच. पत्र्याला पट कळत नाही.

वर आणखी वेळेचा घोळ. पैसे खात्यावर दिसायला लागतात ते बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ३१ मार्चला खर्च झाला नाही तर परत. त्याच वेळी पाड्यावर माणूस नसतो. पेठ-हरसूलकडची घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर गेलेली. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात पहाटे उभं राहिलं तर माझ्या केंद्रातले निम्मे पालक एका ठिकाणी भेटायचे. काढणी संपते न संपते तोच एप्रिलची खरड छाटणी सुरू. म्हणजे पैसा मार्चमध्ये, माणूस मेमध्ये आणि पाऊस जूनमध्ये. या तिघांची गाठ घालून देणं हेच माझं काम होतं. मार्चमध्ये सामान विकत घेऊन बिलं लावायची, ते शाळेत कुलपात ठेवायचं, आणि मेमध्ये मिस्तरी घरी आला की त्याच्या दारात जाऊन बसायचं. लेखापरीक्षणात एकदा विचारलं गेलं, साहित्य खरेदी मार्चची आणि वापर मेचा कसा? मी उत्तरात द्राक्षाच्या छाटणीचं वेळापत्रक लिहिलं. मुद्दा वगळला गेला.

हा मिस्तरी माझा खरा गुरू. शिक्षण सातवी, नाशकात वीस वर्षं इमारतींवर काम केलेलं. पहिल्या वर्षी पत्रे गळतात म्हणून मी आठ नवीन पत्र्यांचं अंदाजपत्रक केलं होतं. तो वर चढला, गुडघ्यावर बसून सगळा पत्रा हातानं चाचपला आणि खाली येऊन म्हणाला, "पत्रा चांगलाय. बसवणाऱ्यानं भोकं पन्हाळीत पाडलीत."

पन्हाळीच्या पत्र्याला हूक लावायचं भोक उंचवट्यावर पाडायचं असतं, म्हणजे पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातं. पन्हाळीत, जिथून पाणी वाहतं तिथंच भोक पाडलं तर वायसर कितीही आवळा, दोन पावसाळ्यांत डांबरी चकती वाळते आणि गळती सुरू. पण पन्हाळीत भोक पाडणं सोपं, पाना नीट बसतो, काम लवकर उरकतं. आम्ही जुनी भोकं बुजवली, उंचवट्यावर नवी पाडली, जिथं पत्र्यावर पत्रा जेमतेम चढवला होता तिथं दीड पन्हाळ चढवून घेतला. हूक, वायसर, डांबर, सगळं मिळून पंधराशेच्या आत. मजुरी दोन दिवसांची. आठ पत्र्यांचे पैसे वाचले ते दुसऱ्या खोलीच्या दाराला लागले, ज्याची खालची फळी कुजून कुत्री आत येत होती.

स्लॅबची गंमत आणखी वेगळी. एका शाळेचा स्लॅब 'मोठी दुरुस्ती आवश्यक' म्हणून चार वर्षं कागदावर होता. युडायसच्या, म्हणजे सरकारला दर वर्षी द्यायच्या शाळेच्या माहितीच्या, फॉर्ममध्ये खोल्यांचे रकाने असतात : चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. मी मिस्तरीला घेऊन वर गेले. गच्चीवर पाणी जायला दोन पाइप. एकात सागाची पानं आणि एक हिरवा प्लॅस्टिकचा चेंडू, दुसऱ्यात पानं आणि चप्पल. कठड्याच्या सांध्यात बोटभर पिंपळ. पोरांनी चेंडू ओळखला. "बाई, हा मागच्या वर्षीचा!" चेंडू काढला, पिंपळ मुळासकट उपटून सांधा भरला, पाइपांच्या तोंडाला जाळी बसवली. स्लॅब पूर्ण बरा झाला नाही, जे मुरायचं ते मुरलं होतं, पण पुढच्या पावसाळ्यात तिसरीचा वर्ग तिथंच भरला.

एवढं झाल्यावर मी त्या शाळेचा रकाना बदलून 'किरकोळ' करायला सांगितलं. तिथल्या सरांनी हात जोडले. "मॅडम, मोठीच राहू द्या. चार वर्षं यादीत नंबर सरकतोय. किरकोळ लिहिलं तर बाहेर पडू." त्यांचं चूक नव्हतं. मोठ्या दुरुस्तीला कधीतरी पैसा येतो. नव्या खोलीला तर उद्घाटन असतं, कोनशिला असते, फोटो असतो. वर्षाला दोन हजार रुपये आणि शिडीवर चढणारा एक माणूस, यासाठी कुठलंच लेखाशीर्ष मला सहा वर्षांत सापडलं नाही. नीट केलेली दुरुस्ती दिसतच नाही ना. न गळलेल्या पाण्याचा फोटो कसा काढणार? आणि जे दिसत नाही त्यावर कोणी पैसा ठेवत नाही, हे माझं सगळ्या नोकरीचं निरीक्षण आहे, ज्यात सूर्यमालेवाली मीसुद्धा आले. तो रकाना त्या वर्षी काय भरला, हे मी इथं लिहीत नाही.

मी पेठला रुजू झाले त्याच वर्षी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, शेजारच्या नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेची खोली कोसळून तीन मुलं गेली. त्यानंतर धोकादायक खोल्यांच्या याद्या करायचं काम घाईनं सुरू झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. माझ्या केंद्रातल्या एका शाळेच्या दोन खोल्या निर्लेखित झाल्या, म्हणजे कायमच्या बाद ठरल्या. निर्लेखन म्हणजे समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, अभियंत्यांचा अहवाल, मग मंजुरी, मग पाडकाम, मग जुन्या दारंखिडक्यांचा लिलाव. हे सगळं एका हंगामात आटोपलं. नवीन खोली तिसऱ्या वर्षी आली.

मधली दोन वर्षं मुलं मारुतीच्या देवळात. फळा खांबाला टेकवलेला, दप्तरं ओट्यावर. गावातलं कोणी दर्शनाला आलं की घंटा वाजवणार, आणि घंटा वाजली की पहिलीची पोरं दप्तर पाठीला लावून उभी राहायची. बाई सांगून थकल्या की ही ती घंटा नव्हे. शेवटी गावानंच ठरवलं, अकरा ते पाच मारुतीला नुसताच नमस्कार. घंटेच्या लोलकाला फडकं बांधलं. शनिवारी दुपारी सोडायचं.

तेव्हा मला कळलं की पाडण्याची मंजुरी आणि बांधण्याची मंजुरी एकमेकींना ओळखत नाहीत. पुढच्या शाळेच्या वेळी मी धोकादायक खोलीला कुलूप घालून भोवती कुंपण केलं, आणि पाडकामाचा कागद नव्या खोलीच्या कागदाबरोबर जाईल एवढं बघितलं. उरलेल्या एका खोलीत दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसवले. हे काही फार चांगलं नाही. पण देवळापेक्षा बरं, आणि एका घंटेवर भागतं.

शौचालयांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलायला लागले तर हा लेख संपायचा नाही. कायद्यानं मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं हवीत, आणि माझ्या अकराही शाळांत ती होती. पाणी तीन ठिकाणी होतं. पेठला दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात, हे नाशिक शहरातल्या माणसाला दरवेळी नव्यानं समजावून सांगावं लागतं. काळा खडक पाणी धरत नाही, उतारावरून सगळं पश्चिमेला निघून जातं. मुलांकडून आम्ही गणित करून घेतलं होतं : शंभर चौरस मीटर छप्पर, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर, तर वर्षात किती? दोन लाख लिटर. पोरांचे डोळे मोठे झाले. मग एकीनं विचारलं, "पण बाई, ठेवायचं कशात?" पाच हजार लिटरची टाकी म्हटली तरी डिसेंबर गाठत नाही. इथं विहिरीवरून पाइप ओढणं हाच मार्ग.

आणि त्याला पैसा होता! पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी तेव्हा ग्रामपंचायतींना यायचा त्यातला साठ टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छता यांनाच वापरायचा. शिवाय सगळा तालुका अनुसूचित क्षेत्रात, त्यामुळे २०१५ पासून पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याचा, आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधीही थेट गावाला. फक्त काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधी घातलेलं हवं. ग्रामसभेची तारीख चुकली की वर्ष गेलं. म्हणून मी ग्रामसभांना जाऊन बसायला लागले. केंद्रप्रमुखाला तिथं बोलायचा अधिकार नाही, चहा प्यायचा आहे. बोलायचं ते मी आधी सरपंचबाईंच्या ओट्यावर नागलीची भाकरी खात बोलून घ्यायची. एका वर्षी चार गावांत मिळून पाइपलाइन, हजार लिटरच्या टाक्या आणि हात धुवायचे नळ झाले.

तरी एका शाळेत मुली शौचालयात जात नव्हत्या. पाणी होतं, दार होतं, कडी होती. महिनाभरानं सातवीतल्या एकीनं सांगितलं. किल्ली सरांच्या खिशात असायची. सर चांगले होते, पण त्यांच्याकडे किल्ली मागायची कशी? किल्ली खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या चुलीमागच्या खिळ्याला लावली. खर्च शून्य. वहीत त्याचीही नोंद आहे, तारखेसकट.

लोकसहभाग हा शब्द मला आवडायचा, पेठला गेल्यावर जरा टोचायला लागला. पिंपळगाव-निफाडकडे बागाईतदार एका बैठकीत लाखांची वर्गणी जमवून शाळेला संगणक, टीव्ही, फरशी करतात. चांगलंच आहे. पण शाळांच्या स्पर्धांमध्ये लोकसहभागाचा रकाना आला की माझे पाडे नापास. आमच्या लोकांनी काय दिलं? डोंगराकडून येणारं पाणी शाळेच्या जोत्याला लागून भिंत कंबरेपर्यंत ओली राहायची. आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपल्यावर एका रविवारी चाळीस माणसांनी वरच्या अंगाला साठ फूट चर खणला. पाणी वळलं, पुढच्या वर्षी भिंत वाळली. याचे रुपये किती लिहायचे? मी चाळीस मजुरांचा रोज लावून आकडा लिहिला. परत आला, पावती जोडा म्हणून.

कारखान्यांचा पैसाही आला. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे असं आहे, आणि नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखाने काही आमच्यापासून फार लांब नाहीत. एका कारखान्याची माणसं आली. तरुण, उत्साही, येताना पोरांना चिक्की घेऊन आलेली. त्यांना शाळा रंगवून द्यायची होती. मी म्हटलं, आधी पत्रे नीट करू, व्हरांड्याला पन्हळ लावू. त्यातला एकजण प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, ते रिपोर्टमध्ये कसं दाखवायचं?" मी त्याला दोष देत नाही, त्यालाही कुणाला तरी दाखवायचं होतं. शेवटी पेंटरच्या अंदाजपत्रकात 'रंगकामापूर्वीची पृष्ठभागाची तयारी' अशी एक ओळ होती, त्यात आम्ही हूक, वायसर, पन्हळ आणि कठड्याचा गिलावा बसवला. पृष्ठभाग छपरापासून तयार करायला घेतला असं समजा. रंगही छान झाला. कारखान्याच्या नावाचा फलक कठड्यावर स्क्रूनं बसवायला निघाले तेव्हा मात्र मी आडवी आले. कठड्याला भोक पाडायचं नाही. फलक फाटकाला लागला.

निवृत्तीच्या दिवशी वही मी नव्या केंद्रप्रमुखांना देऊ केली. त्यांनी पानं चाळली, फोटो काढून घेतले आणि वही मला परत दिली. त्यांच्या मोबाइलवर ती जास्त सुरक्षित राहील असं ते म्हणाले. असेलही.

गेल्या जुलैत भाचीकडे धरमपूरला निघालो होतो. कोटंबी घाटात पावसानं पुढचं काही दिसेना म्हणून गाडी हळू केली, आणि पुढे त्या चेंडूवाल्या शाळेचा फाटा आला. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात पोरं जेवत होती, सर वाढत होते. ओळखलं त्यांनी. मी छत्रीतून आधी गच्चीकडे बघितलं. उजव्या पाइपातून मनगटाएवढी धार लांब पडत होती आणि दोन पोरं तिच्याखाली ताटं धुवायला उभी होती. सर ओरडले त्यांच्यावर.

डावा पाइप कोरडा होता.

"सर," मी म्हटलं, "शिडी कुठे ठेवता?"